शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले, आता गुरुजींशी कसं वागायचं?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत माझी दोन्ही मुलं आहेत. जुलैत पालकसभा झाली आणि मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. झाले नाही, केलं. महिला हवी म्हणून कोणीतरी माझं नाव घेतलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, तेवढ्यात चहा आला आणि सभा संपली.

पुढच्याच आठवड्यात गुरुजी घरी आले. पिशवीतून प्रोसिडिंगचं रजिस्टर काढलं आणि म्हणाले, "वैनी, इथे आणि इथे सही." बघते तर दोन सभांचं इतिवृत्त लिहून तयार. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, सगळं होतं. त्या सभा मला आठवेनात, कारण त्या झाल्याच नव्हत्या. मी म्हटलं, ठेवून जा, वाचून देते. गुरुजींचा चेहरा पडला. रजिस्टर परत पिशवीत गेलं आणि तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं चाललंय.

माणूस वाईट नाही हो. मुलांना जीव लावतात, शिकवतात चांगलं, पावसात खाडीला भरती असली तरी वळसा घालून वेळेवर येतात. म्हणून तर बिघडवायचं नाही. पण वाडीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, "अध्यक्ष झालीस म्हणून मास्तरांच्या डोक्यावर बसू नको." दुसरा म्हणतो, "वचक ठेव, नाहीतर हिशोब कधी कळायचा नाही."

मला नक्की काय बघता येतं? वर्गात जाऊन बसता येतं का? पोषण आहाराचा तांदूळ मोजायला सांगता येतो का? बँकेच्या कागदावर सही नाही केली तर काय होतं? माहीतगारांनी सांगा.

कातळ

ताई, सही करा आणि घरी बसा. आधी ग्रामशिक्षण समिती होती, आता ही आहे, उद्या तिसरी येईल. कागद तोच राहतो.

निवृत्त केंद्रप्रमुख

कातळराव, नोकरीत असताना तुमच्यासारखे पालक भेटले की आम्हाला फार बरं वाटायचं. कोणी काही विचारायचंच नाही.

ताई, आधी कायद्याचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत ही समिती लागतेच. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या राज्याचा शासन निर्णय १७ जून २०१०चा. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव, समितीची मुदत दोन वर्षं, बैठक महिन्यातून एकदा तरी. कायद्याने समितीकडे ठळक कामं दिली आहेत ती अशी: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करून शिफारस करणं, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग बघणं.

म्हणजे तुम्ही काय बघू शकता? शिक्षक वेळेवर येतात का, मुलं नियमित येतात का, आहार शिजतो का आणि साठा नोंदवहीशी जुळतो का, पैसे कशावर गेले, हे सगळं. काय करू शकत नाही? शिक्षकाला नोटीस देणं, रजा अडवणं, आज कुठला धडा घ्या हे सांगणं. ते प्रशासनाचं काम. तक्रार असेल तर समितीच्या ठरावाने केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी या वाटेने जायचं.

वर्गात जरूर बसा, पण आदल्या दिवशी सांगून. आणि मागच्या बाकावर. तिथून उठून मुलांना पाढे विचारू नका! एका शाळेत अध्यक्षांनी विचारले, मुलांनी उलट अध्यक्षांनाच एकोणतीसचा विचारला. पुढे वर्षभर ते शाळेकडे फिरकले नाहीत.

न झालेल्या सभेवर सही न करणं बरोबरच. पण गुरुजींच्या बाजूनेही कोणीतरी इथे लिहायला हवं. मी बाहेर पडून वर्षं झाली.

दोनशिक्षकी

मी लिहितो. मंडणगडच्या बाजूला आहे, प्रभारी मुख्याध्यापक.

"प्रभारी" यातच बरंच आलं. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक. आमच्या वाड्यांवर दीडशे मुलं आणायची कुठून? अख्खी वाडी मुंबईत. माझा पट तिशीच्या आतला, शिक्षक दोन. सेवाज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडे, आणि तिसरी ते पाचवी हे तिन्ही वर्गही माझ्याकडेच. शिपाई नाही, कारकून नाही. कुलूप मी उघडतो, घंटा मी देतो, यू-डायस, म्हणजे शाळेच्या माहितीचा सरकारी तक्ता, मी भरतो, आहाराची रोजची नोंद मोबाइलवर मी टाकतो. रेंज नसली तर सड्यावर, वरच्या कातळपठारावर, चढून टाकतो. कायद्यात कलम २७ आहे, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामं शिक्षकाला देऊ नयेत म्हणून. ते वाचलं की हसू येतं, कारण निवडणुकीचं एकच काम वर्षभर पुरतं.

आता रजिस्टर घरी का नेतो ते ऐका. सभेची नोटीस काढतो, मुलांच्या वहीत चिठ्ठी देतो, ग्रुपवर टाकतो. येतात तिघं. त्यातल्या एक आजी नातवाला न्यायला आलेल्या असतात. पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येतात आणि पहिलं विचारतात, प्रोसिडिंग दाखवा. "सभा झाली नाही" असं लिहिलं तर दोष माझ्यावर. मग माणूस पिशवी घेऊन दारोदार फिरतो. यात पैसा खाण्याचा प्रश्न नसतो, खायला असतं काय? तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला दहा हजार संयुक्त अनुदान. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीज बिल, खडू, स्टेशनरी, नळाची दुरुस्ती.

आणि "वचक" म्हणाल तर तोही पाहिलाय. मागच्या एका शाळेत अध्यक्ष साडेदहाला मोबाइल चालू करून आत आले, हजेरीपटाचा व्हिडिओ काढला आणि वाडीच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवशी माझ्या सहकारी बाई आजारी मुलाला घेऊन दवाखान्यात गेलेल्या, रजेचा अर्ज टेबलावरच होता. विचारलं असतं तर दाखवला असता. ग्रुपवर मुंबईहून चाळीस जणांनी शिव्या घातल्या, आणि त्यातल्या एकाचंही मूल आमच्या शाळेत नव्हतं.

खाडीपलीकडची ताई, तुमच्या गुरुजींचा चेहरा पडला तो चोरी पकडली म्हणून नसेल. नवीन अध्यक्ष आता कुठल्या जातीचा निघतोय, ही धास्ती असते. जात म्हणजे ती नव्हे, स्वभावाची.

चाकरमानी

चाळीस जणांबद्दल बोललात म्हणून लिहितो. मुंबईकर पैसा पाठवतो तेव्हा चालतो, प्रश्न विचारला की चालत नाही. आमच्या गावच्या शाळेला ई-लर्निंगचा संच, वॉटर प्युरिफायर आणि व्हरांड्याची फरशी मुंबई मंडळाने दिली. गणपतीला गेलो तर संच कपाटात, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

दोनशिक्षकी

वीज होती का हो शाळेत?

चाकरमानी

मीटर कापलेला होता. बिल थकलं होतं म्हणे.

दोनशिक्षकी

बघा. फरशीआधी बिल भरलं असतं तर संच चालला असता. देणारा वस्तू देतो, कारण वस्तूवर नाव घालता येतं. वीज बिलावर नाव कुठे घालणार?

रापण

मी मालवणचो. आमच्या शाळेत मीटिंग सकाळी अकराक लावतत. तेवा मी दर्यात, नायतर जाळी सारखी करीत. घरवाली बाजारात. आणि मगे मास्तर म्हणतत पालक येनत नाय.

सगळ्यांना कळावं म्हणून साधं लिहितो. मासेमारी बंदी १ जूनला लागते, ३१ जुलैला उठते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. म्हणजे जून-जुलैत आम्ही बापये घरी असतो, तेव्हा सभा घ्या, समितीची निवड घ्या, वर्षाचा आराखडा त्याच वेळी बोलून घ्या. नारळी पौर्णिमेनंतर आम्हाला शोधू नका. शेतीवाल्यांचं उलट, जुलैत लावणी, त्यांना तेव्हा मान वर करायला वेळ नाही. बागायतीतले मार्च ते मे आंब्यात. एकाच वाडीत तीन तऱ्हा असतील तर तारीख मास्तरांनी एकट्याने टेबलावर बसून काढून कसं भागेल? आमच्यात तर संध्याकाळी सातला देवळात लावली की पंधरा माणसं येतात.

दुसरी गोष्ट. आमच्या होडीवर तांडेल वेगळा, मालक वेगळा. दर्यात गेल्यावर सुकाणू तांडेलाच्या हातात, मालक काठावरून फोन करून सांगत नाही की डावीकडे वळ. पण होडी लागली की मालक विचारतो, किती आली, डिझेल किती जळलं, जाळं कुठे फाटलं. तांडेल त्याला अपमान मानत नाही. अध्यक्षबाईंनी एवढं धरलं तरी पुष्कळ.

निवृत्त केंद्रप्रमुख

रापणभाऊ, माझी दोन पानं तुम्ही चार ओळींत मांडलीत. सातची वेळ मात्र बाहेरगावाहून येणाऱ्या शिक्षकांना अवघड, शेवटची एसटी साडेपाचची असते. महिन्याआड शाळेच्या वेळेला, महिन्याआड संध्याकाळी, असं दोघांनी मिळून ठरवावं.

लेस्टरकर

मूळचा दापोलीचा, सध्या इंग्लंडात. इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत पालकांनी निवडून दिलेला गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाचा सदस्य, आहे. बिनपगारी काम, मुदत साधारण चार वर्षं. तुलना करायला नाही, पण दोन गोष्टी उपयोगी वाटल्या म्हणून सांगतो.

पहिली म्हणजे एकट्या गव्हर्नरला काडीचा अधिकार नसतो. अधिकार मंडळाला, तोही बैठकीत. मी एकटा शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला "हे बदला" म्हणू शकत नाही. भेट द्यायची तर आधी ठरवून, विषय ठरवून, आणि नंतर मंडळाला लेखी टिपण. शिक्षक कसा शिकवतो याचे गुण देणं हे माझं काम नाही. वरच्या व्हिडिओवाल्या अध्यक्षांना इथे पहिल्याच दिवशी समज मिळाली असती.

दुसरी जास्त महत्त्वाची. मुख्याध्यापिका स्वतःही पदसिद्ध गव्हर्नर असू शकतात, आमच्याकडे आहेत. पण मंडळाचं इतिवृत्त लिहिणारा क्लार्क वेगळा असतो. नियमच आहे की क्लार्क हा गव्हर्नर नसावा आणि मुख्याध्यापकही नसावा. शाळेचा कर्मचारी मंडळाचा अध्यक्षही होऊ शकत नाही. आपल्याकडे ज्याच्या कारभारावर लक्ष ठेवायचं त्याच्याच हातात सभा बोलावणं, विषय ठरवणं आणि इतिवृत्त लिहिणं, तिन्ही. गुरुजी कितीही सज्जन असोत, पेन कोणाकडे हा प्रश्न राहतोच.

बाकी इथे सगळं गोड आहे असं नाही. मंडळात यायला लोक मिळत नाहीत, जागा रिकाम्या राहतात. बजेटच्या बैठकीत निम्मे पान उलटत बसतात. आणि मुख्याध्यापकांना वाटतं, हे हौशी लोक आम्हाला काय विचारणार. तोच सूर, फक्त पाऊस बारीक.

कातळ

आले इंग्लंड. तिथे क्लार्कला पगार देतात, इथे पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचं मानधन महिनोन्महिने थकतं. वेगळा लेखनिक कुठून आणणार?

लेस्टरकर

पगाराचा माणूस नको. सभेतच लिहा, सभेतच वाचून दाखवा, उठण्याआधी सह्या. एवढ्याला पैसे लागत नाहीत.

निवृत्त केंद्रप्रमुख

हे जमण्यासारखं आहे. सदस्य सचिव मुख्याध्यापकच राहतील, ती जबाबदारी काढता येत नाही. पण कच्चं टिपण समितीतला शिक्षक प्रतिनिधी किंवा एखादा पालक घेऊ शकतो. मी केंद्रप्रमुख असताना एका शाळेत बारावी झालेली आई टिपण घ्यायची. तिथे तीन ओळींचे ठराव जाऊन कोण काय बोललं तेही यायला लागलं. मुख्याध्यापकांनाच पुढे त्याचा फायदा झाला, कारण "छप्पर गळतं हे आम्ही अमुक सभेत सांगितलं होतं" याचा पुरावा राहिला.

सड्यावरून

माध्यमिकचं कोणी बोलेल का? मी राजापूरकडच्या एका अनुदानित हायस्कुलात मुख्याध्यापक आहे. तुम्हा प्राथमिकवाल्यांना एक समिती, आम्हाला दोन. पाचवी ते आठवीसाठी शाळा व्यवस्थापन समिती, आणि वर संस्थेची शालेय समिती. संस्थेचं कार्यालय मुंबईत, कोकणातल्या कितीतरी हायस्कुलांचं असंच आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी गिरणीत राबणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून ही शाळा उभी केली, त्याबद्दल मनात आदर आहेच.

पण आता पगार शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतून सरकारचा. शिक्षक भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून. मुख्याध्यापकपद खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१च्या नियमावलीप्रमाणे सेवाज्येष्ठतेने. कारवाई करायची तर चौकशी समिती नेमून, आणि बडतर्फ केलं तर त्याच कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७च्या कायद्याच्या कलम ९ खाली तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. थोडक्यात, संस्थेच्या हातात पूर्वीइतकं काही राहिलं नाही, आणि म्हणूनच जे उरलंय त्यावर पकड घट्ट. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत नावांचा क्रम चुकला म्हणून मला खुलासा मागवलाय. दहावीचा निकाल खाली आला तेव्हा मात्र मागवला नव्हता.

सभा मे महिन्यात किंवा गणपतीच्या सुट्टीत, पदाधिकारी गावी येतात तेव्हा. तेव्हा शाळा बंद, मुलं नाहीत, शिक्षक गावाला. रिकाम्या इमारतीत बसून शाळेचं भवितव्य ठरतं.

चाकरमानी

सर, मी अशाच एका संस्थेच्या कार्यकारिणीत आहे. तुमचं खरं असेल, पण आमची बाजूही ऐका. आम्ही वर्षातून दोनदा येतो म्हणूनच विचारतो. रोज तिथे असणाऱ्याला गळकं छप्पर सवयीचं होतं. आम्ही लांबून काही मागितलं की उत्तर येतं, "प्रस्ताव पाठवला आहे." कोणाला, कधी, जावक क्रमांक काय, हे विचारलं की राग येतो.

सड्यावरून

जावक क्रमांक विचारा, लगेच देतो. राग येतो तो मुलांच्या आधी पत्रिकेबद्दल विचारलं की. तुमची कार्यकारिणी शाळा चालू असताना एक दिवस येऊ द्या. जेवणाचं मी बघतो, कुळथाची पिठी आणि भात, हार-तुरे मिळणार नाहीत.

चाकरमानी

नोव्हेंबरात येतो. तुमच्या नाही, आमच्या शाळेत. पण विचार चांगला आहे, मंडळात मांडतो.

खाडीपलीकडची

बरेच दिवस लिहिता आलं नाही, लावणी आणि मग गौरी-गणपती. काय झालं ते सांगते.

दोनशिक्षकींचं वाचून मी गुरुजींकडे गेले. रजिस्टरचा विषय काढलाच नाही. म्हटलं, पुढची सभा संध्याकाळी साडेचारला घेऊ, बायका मी बोलावते, मुद्दे तुम्ही आणि मी मिळून लिहू. ते आधी थोडे गप्प होते. मग म्हणाले, "या आल्या तर बरंच आहे." घरोघर मी गेले. अकरा जण आले, त्यात सात बायका. अंगणवाडीच्या मदतनीस ताई टिपण घ्यायला बसल्या, त्यांचा मुलगा चौथीत आहे.

गुरुजींनी कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, उघडून दाखवली. कोणी मागितली नव्हती. खर्च वाचताना त्यांनीच सांगितलं की मुलांच्या संडासाच्या दाराची कडी आणि पाण्याच्या टाकीचा नळ त्यांनी खिशातून घातला, कारण अनुदान येईपर्यंत थांबता येत नव्हतं. वाडीत हे कोणालाच माहीत नव्हतं. मग एक फाइल काढली. मे २०२१च्या तौक्ते वादळात मागच्या खोलीचे पत्रे उडाले होते. तेव्हापासून दुरुस्तीचे प्रस्ताव, फोटो, स्मरणपत्रं, सगळ्यांच्या पोच. आधीच्या गुरुजींची काही, यांची काही. आम्ही सगळे समजत होतो की मास्तर काही करत नाहीत. आणि त्यांना वाटत होतं की वाडीला काही पडलेलं नाही.

ठराव केला, आणि मी, उपाध्यक्ष आणि आणखी दोघी जणी असे गुरुजींबरोबर पंचायत समितीत जाऊन आलो. पत्रे अजून आलेले नाहीत. पण अभियंत्यांनी मोजमाप घेऊन नेलं.

सगळंच जमलं असं समजू नका. न झालेल्या त्या दोन सभांवर मी सही केली नाही, ती पानं तशीच आहेत, गुरुजींनी तिरकी रेघ मारून "सभा तहकूब" लिहिलंय. ते त्यांना लागलेलं आहे, दिसतं. आणि आहाराच्या तांदळाचं वजन दर महिन्याला समितीतल्या दोघींनी बघायचं, हा ठराव झाला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे विश्वास नाही." मी म्हटलं, गुरुजी, तुमची बदली झाली तर पुढच्यासाठीही हीच पद्धत राहील. त्यावर काही बोलले नाहीत. अजून पटलेलं नाही त्यांना.

दोनशिक्षकी

वजन बघितल्यावर नोंदवहीत बघणाऱ्यांच्या सह्या आणि तारीख घ्या. तूट निघाली तरी ती कधीची ते कळतं, आणि गुरुजी मोकळे राहतात. मी स्वतः मागून घेतो अशा सह्या. पोत्यात पन्नास किलो लिहिलेलं असतं, पण पोतं उतरतानाच मोजा. नंतर मोजून भांडण होतं, दुसरं काही नाही.

कातळ

अभियंता मोजून गेला म्हणजे अर्धं काम झालं म्हणायचं. उरलेल्या अर्ध्याला किती पावसाळे ते बघू.

ताई, आराखड्यात घातलंत का ते? तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा असतो, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीचा. आर्थिक वर्ष संपण्याआधी वर गेला पाहिजे. त्यात नसेल तर उद्या म्हणतील, तुमची मागणीच नव्हती.

निवृत्त केंद्रप्रमुख

कातळराव, तुम्हाला हे ठाऊक होतं तर!

कातळ

दोन वर्षं उपाध्यक्ष होतो.

खाडीपलीकडची

घालते. डिसेंबरच्या सभेत विषय घेते.

आता एक वेगळंच विचारायचंय. २०२४-२५ला गणवेश वरून शिवून आला होता, कोणाला मांड्यांपर्यंत तर कोणाला घोट्यापर्यंत. आता पुन्हा समितीकडे आलाय, दोन जोडांचे सहाशे रुपये. आमच्याकडची शिंपीण म्हणते, कापड धरून तीनशेत जोड परवडत नाही. गुरुजी म्हणतात तालुक्याच्या दुकानातून तयार घेऊ, बायका म्हणतात वाडीतल्या बचत गटाला द्या. तुमच्याकडे कसं केलं?

रापण

तीन शाळांनी मिळून कापड घाऊक घ्या, चिपळूणला किंवा थेट इचलकरंजीहून. मग गटाला फक्त शिलाई उरते. आमच्याकडे तसंच केलंय, पोरग्यांच्या चड्ड्या थोड्या ढगळ झाल्या, पण वर्षभर टिकल्या.

सड्यावरून

तीन शाळा मिळून घेणार असाल तर तिन्ही समित्यांचे वेगवेगळे ठराव आणि वेगवेगळी बिलं घ्या. एकाच बिलावर तिघांची नावं असली की ऑडिटला तिघंही अडकतात.

खाडीपलीकडची

हे बरं सांगितलंत. शेजारच्या दोन वाड्यांच्या अध्यक्षांना फोन करते. चिपळूणच्या घाऊक दुकानाचा भाव कोणाकडे ताजा आहे का?